शिगेनोची पाटी

आमच्या मिनेबुकीत कोणी कोणाच्या अंगावर हात टाकत नाही. शिव्याही फारशा देत नाहीत. ज्याला धडा शिकवायचा त्याची पाटी उलटी करतात आणि मग सगळे आपापल्या कामाला लागतात.

पाटी म्हणजे वीतभर लांबीची लाकडी फळी. गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर न्हाणीघर आहे, त्याच्या दारातल्या भिंतीवर एकवीस घरांच्या एकवीस पाट्या टांगलेल्या असतात. ज्या घराची पाटी भिंतीकडे तोंड करून असेल, त्या घरच्या माणसाने कुंडात उतरायचं नाही. आमच्याकडे नोव्हेंबरात बर्फ सुरू होतो तो एप्रिलपर्यंत हटत नाही. जानेवारीत तर वरच्या मजल्याच्या खिडकीतून ये-जा करावी लागते. त्या काळी कोणाच्या घरी स्वतःची न्हाणी नव्हती. अंग धुणं, हाडं शेकणं, बातम्या ऐकणं, सुनांची उणीदुणी काढणं, सगळं कुंडातच. पाटी उलटी झालेल्या माणसाचं हिवाळ्यात काय होत असेल ते तुम्हीच समजा.

शिगेनोची पाटी तीन हिवाळे उलटी होती. तिला जाऊन आता बावीस वर्षं झाली. गावात तिचं नाव कोणी काढत नाही, म्हणून मी काढते. मी काही फार चांगली बाई नाही, ते पुढे कळेलच.

शिगेनो वेलीच्या टोपल्या विणायची. नवरा युद्धावर गेला आणि हातभर पेटीतून परत आला. पेटीत एक गारगोटी आणि नावाचा कागद, बस्स. मूलबाळ नव्हतं. शरद ऋतूत रानातून वेली आणायची, कुंडाबाहेर वाहून जाणाऱ्या कोमट पाण्यात भिजत घालायची आणि हिवाळाभर दाराशी बसून विणायची. बर्फ बघायला शहरातून येणारे पाहुणे त्या टोपल्या घेऊन जात. तिची एक टोपली माझ्याकडे अजून आहे, तळाला एक काडी हललेली नाही. हात असे, पण जीभ मात्र उचलली की टाळ्याला लावलेली. मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच हिवाळ्यात सासूबाईंनी मला छपरावरचा बर्फ काढायला चढवलं होतं. शिगेनो खालून जाताना थांबली आणि सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कात्सु, तुला सून म्हणून आणलंय की खोरं म्हणून?" सासूबाई ते मरेपर्यंत विसरल्या नाहीत. मीही विसरले नाही, पण मी वेगळ्या कारणाने.

पन्नाशीतच तिच्या बोटांच्या सांध्यांना गाठी आल्या होत्या. सकाळी उठली की मुठी मिटलेल्या, उघडायच्याच नाहीत. मग ती उजाडताच कुंडावर यायची, गळ्यापर्यंत पाण्यात बसायची, आणि पाण्याखाली एकेक बोट दुसऱ्या हाताने सोडवायची. अर्ध्या तासाने हात उघडत. मग घरी जाऊन विणायला बसे. रोजचा नेम होता तो. कुंड होतं म्हणून हात होते, आणि हात होते म्हणून चूल पेटत होती.

आता बर्फाची गोष्ट सांगते. बाहेरच्या पाहुण्यांना आमच्या कुंडात कायम मुभा आहे. कोणीही यावं, खडावा दाराशी काढाव्यात, अंग धुऊन उतरावं. पण आमचं पाणी असं कढत की नवखा माणूस पाय घालतो आणि पाय घेऊन पळतो. ते पाणी थंड करायचं असेल तर कुंडात बसलेल्या सगळ्यांना विचारून नळाचं गार पाणी सोडायचं. बर्फ मात्र कधीच टाकायचा नाही. वर डोंगरात औषधी बुद्धाचं देऊळ आहे, झरा त्याचा. त्यात बर्फ टाकणं म्हणजे त्याच्या तोंडावर बर्फ फेकणं. हे आमच्याकडे पोरांना बोलायला यायच्या आधी शिकवतात.

त्या जानेवारीत टोकियोची एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. मुलगी ओढ्याकाठी कमरेएवढ्या बर्फात रुतली. कोणीतरी ओढून काढली आणि आई तिला तशीच उचलून कुंडावर घेऊन आली. पोरीचे ओठ निळे, दात वाजत होते. आत आम्ही तिघी होतो, शिगेनो, सासूबाई आणि मी. आईने घाईत पोरीला पाण्यात सोडलं, पोरीने किंकाळी फोडली. बाहेर काढलं तर थंडीने कुडकुडते, आत घातलं तर पोळते. नळ सोडायला गेले तर नळ गोठलेला. आई रडायला लागली. शिगेनो उठली, तशीच उघडी खिडकीशी गेली, खिडकी सरकवली, दोन बादल्या बर्फ भरला आणि कुंडाच्या एका कोपऱ्यात ओतला. हाताने पाणी ढवळून पोरीला त्या कोपऱ्यात बसवलं.

सासूबाई म्हणाल्या, "शिगेनो! पाण्यात बर्फ?"

"मग काय पोर उकडून काढू? बटाटा आहे का तो?"

पोरगी थोड्या वेळाने गुलाबी झाली आणि शिगेनोच्या हाताच्या गाठी मोजायला लागली. मी हसले. सासूबाई हसल्या नाहीत.

बारा दिवसांनी कुंड कोमट झालं.

आता यातलं खरं काय ते गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ओगिवारा मालकांची गावात सगळ्यात मोठी सराई. त्यांना पाहुण्यांसाठी सराईच्या आतच कुंडं बांधायची होती, म्हणून शरद ऋतूभर मागच्या अंगणात भोक पाडायचं यंत्र धडधडत होतं. आमच्या फळीवरचे वाडगे त्या धडधडीने सरकून कडेला यायचे, मी दिवसातून दोनदा मागे ढकलायची. ज्या दिवशी मालकांच्या नव्या कुंडात पाणी भरलं, त्याच दिवशी आमचं पाणी उतरलं. घरोघरी दार लावून लोक हेच बोलत होते. पण दाराबाहेर कोण बोलणार? निम्म्या घरांच्या मुली मालकांकडे पाहुण्यांची जेवणं मांडायला, बायका त्यांच्या मुदपाकखान्यात. मीही तिथेच मुळे सोलत होते. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतो? आणि कुंडाच्या पंचमंडळाचे प्रमुखही मालकच.

सभा भरली. मालकांनी शांतपणे विचारलं, "कोणाकडून पाण्याची काही आगळीक झाली का?" सासूबाईंनी दोन बादल्यांची हकीकत सांगितली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं झालं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली आणि सगळ्यांनी कावळ्याला धरलं. शिगेनोची पाटी उलटी झाली. सभेत सगळ्यांनी माना हलवल्या, त्यात सुटल्यासारखं वाटणंच जास्त होतं.

इथवरचं मी समजू शकते. भीतीने माणूस काहीही करतो. पण पुढे वसंतात मालकांच्या त्या भोकात, किटलीच्या आत साचतो तसा पांढरा थर साचला आणि त्यांचं पाणी निम्म्यावर आलं. त्यांचं उतरलं तसं आमचं चढलं. कुंड पुन्हा पहिल्यासारखं कढत झालं. आणि गाव काय म्हणालं? "बघा, पाटी उलटी केली आणि पाणी परतलं!" जे लोक दाराआड मालकांना शिव्या देत होते तेच आता हात जोडून बुद्धाच्या देवळात जायला लागले. म्हणजे शिगेनो आता नुसती चुकलेली बाई राहिली नाही. ती बाहेर आहे म्हणून आत पाणी आहे, असं ठरलं. आणि खोटं कशाला बोलू, रोज त्या गरम पाण्यात बसून बसून मलाही कधीकधी तसंच वाटायचं.

पहिला हिवाळा थट्टेत गेला. पुरुष रस्त्यात तिला म्हणायचे, "शिगेनोसान, टोकियोला जा आणि पाहुणी होऊन परत या. पाहुण्यांना मुभा आहे!"

"येते की," ती म्हणायची, "आणि तुझ्या बापाच्या अंथरुणात उतरते. तोही उबदार असेलच."

लोक हसायचे. तीही हसायची. तिला वाटत होतं, दोन-चार महिन्यांत निवळेल. घरी ती पातेल्यात पाणी तापवून त्यात हात घालून बसायची, पण चुलीवरचं पाणी हाडांपर्यंत जात नाही. वाडगाभर रस्सा पिऊन होतो तितक्यात ते निवतं.

दुसऱ्या हिवाळ्यात ती खरोखरच आली. भर दुपार होती, कुंडात आम्ही सात जणी आणि ओसाकाच्या दोन पाहुण्या बायका. दार सरकलं आणि शिगेनो आत आली. कोणाकडे बघितलं नाही. खाली बसून नीट अंग धुतलं, डोक्यावर रुमाल ठेवला आणि पाण्यात उतरली.

 आधी सासूबाई उठल्या. त्या बाहेर येऊन दगडी फरशीवर उभ्या राहिल्या. मग बाकीच्या एकेक उठल्या. मीही उठले. सातही जणी ओल्या अंगाने, भिंतीला टेकून, ओळीने उभ्या. खिडकीच्या फटीतून वारा येत होता, केसांचं पाणी पाठीवरून ओघळून गार पडत होतं, पण एकीनेही रुमाल अंगावर घेतला नाही. कुंडात शिगेनो आणि त्या दोन पाहुण्या. पाहुण्या कधी आमच्याकडे बघत, कधी तिच्याकडे, काही कळेना. शेवटी त्यातली एक भीत भीत शिगेनोला म्हणाली, "पाण्यात काही आहे का हो?"

शिगेनो म्हणाली, "हो. मी आहे."

आणि ती बाहेर आली. जाण्याआधी अंग धुताना ती जिथे बसली होती तिथली फरशी तिने बादलीभर पाणी ओतून धुतली, बुडाखालचा लाकडी पाटही धुऊन उपडा ठेवला. दार लागल्यावर आम्ही पुन्हा पाण्यात उतरलो. सासूबाई म्हणाल्या, "बाई गं, गारठलो." आणि कोणीतरी मुरवलेल्या पाल्याला यंदा मीठ कमी पडल्याचं बोलायला लागलं.

तिसऱ्या शरदात तिच्याच्याने वेल सोलवेना. भिजवलेले भारे तसेच सडून गेले. मी मागच्या बाजूने, गोठ्याच्या आडून तिच्याकडे जायला लागले होते, कोणाला दिसणार नाही असं. तिच्या कमरपट्ट्याची गाठ मी मारून द्यायची, तांदूळ धुऊन ठेवायची. तोवर सासूबाई वारल्या होत्या आणि नवरा हिवाळाभर वर जंगलात लाकूडतोडीला, म्हणून जमत होतं. तिचे हात बघवत नव्हते. मुठी अशा आवळलेल्या की नखं तळव्यात रुतून जखमा झालेल्या, त्यात मी कापडाचे बोळे कोंबायची. आणि मला तिचा राग यायचा. हो, रागच. हिने एक वाक्य बोलून टाकावं आणि मला या चोरवाटेतून सोडवावं असं वाटायचं.

"शिगेसान," मी म्हटलं, "पंधरा जानेवारीच्या सभेत माफी मागून टाका."

"मागितली की पहिल्याच वर्षी. बर्फ टाकला, चुकले, असं म्हटलं."

"तेवढं नाही पुरत. माझ्या बर्फाने झरा थंडावला, असं म्हणा."

"भोक कोणी पाडलं गं?"

"हळू बोला!"

"इथे कोण ऐकतंय? भिंतीसुद्धा येत नाहीत माझ्याकडे."

"शब्दाला काय लागतं? तुमचा ताठा शिजवून खाणार आहात का? हात बघा जरा!"

तिने हात बघितले. बराच वेळ बघितले. मग म्हणाली, "म्हटलं तर खरंच घेतील?"

मी म्हटलं, "विचारते."

दुसऱ्या दिवशी मालक मुदपाकखान्यात चव बघायला आले तेव्हा मी धीर करून विचारलं. ते वाटी हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "तिने स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांसमोर सांगावं. तिच्या बर्फाने पाणी गेलं, एवढंच. पुढचं मंडळ बघेल."

"म्हणजे माफ होईल ना, मालक?"

"कात्सुए, आपण काय राक्षस आहोत?" असं म्हणून त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. "मीठ कमी आहे."

त्यांनी हो म्हटलं नव्हतं. मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं आणि पळत जाऊन तिला सांगितलं की मालक कबूल आहेत.

पंधरा जानेवारीला लाल चवळीची पेज करतात आणि दुपारी न्हाणीघराच्या माडीवर वर्षाची सभा भरते. सभा झाली की सगळं गाव एकदम कुंडात उतरतं, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. त्या दिवशी मी शिगेनोचे केस विंचरले, तिचा लग्नातला काळा पोशाख तिच्या अंगावर चढवला. ती खूश होती. खरंच खूश होती. जिन्यावर मला म्हणाली, "आज पाण्यातून मला ओढून काढावं लागेल बघ."

घरटी एक माणूस, ओळीने चटईवर बसलेले. शिगेनो मध्ये येऊन बसली आणि वाकली. आमच्यात माफी मागताना दोन्ही तळवे चटईवर सपाट टेकवतात आणि कपाळ त्यावर आणतात. तिचे तळवे उघडेनात. तिने तशाच मुठी टेकल्या.

मागून एक म्हातारा म्हणाला, "मुठी आवळून माफी?"

दोघे-तिघे हसले. ती एका मुठीने दुसरी मूठ चटईवर दाबून सपाट करायला लागली. दाबत होती, होत नव्हतं. मी तिचे हात सगळ्यांहून जास्त बघितले होते. मी गप्प बसले.

मग ती तशीच म्हणाली, "मी बर्फ टाकला. माझ्या बर्फामुळे झरा थंडावला. त्यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही. माझा अपराध पदरात घ्या."

'दुसऱ्या कोणाचा दोष नाही' हे मी सांगितलेलं नव्हतं. ते तिने आपणहून घातलं. मालकांना बरं वाटावं म्हणून असेल.

मालक बोलू लागले. आवाज अगदी मऊ. "शिगेनोसान, मोठं मन केलंत. तीन वर्षं लोक माझ्या सराईविषयी काय काय कुजबुजत होते. आज तुमच्याच तोंडून खरं बाहेर आलं. माझ्या मनात तुमच्याबद्दल काही नाही." मग ते बाकीच्यांकडे वळले. "पण आता मला सांगा. आजवर आपण धरून चाललो होतो की बाईने नुसता नियम मोडला. आता ती स्वतः म्हणतेय की झरा तिच्यामुळे गेला. ती बाहेर असताना तो परतला, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. उद्या तिला आत घेतलं आणि पाणी पुन्हा गेलं, तर जबाबदारी कोण घेणार? कोणी घेत असेल तर हात वर करा. मी आत्ता पाटी सरळ करतो."

खाली कुंडात पाणी पडल्याचा आवाज येत होता. एकही हात वर झाला नाही. शिगेनोने मान वर करून सगळीकडे बघितलं. तिला अजून कळलं नव्हतं. ती वाट बघत होती.

"मग पाटी उतरवून ठेवावी," मालक म्हणाले. "उलटी ठेवून तिचा रोज अपमान कशाला? घरांनी ओळीने सांगावं."

पहिलं घर, हो. दुसरं, हो. म्हातारे पुटपुटत, बायका खाली बघत. आमची पाटी बारावी. घरचा पुरुष जंगलात, म्हणून घराच्या वतीने मीच बसले होते. मला वाटत होतं अकरावं घर तरी काही बोलेल. अकराव्याने हो म्हटलं. मालक म्हणाले, "बारावं?"

मी म्हटलं, "हो."

शिगेनो माझ्याकडे बघत होती. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नाही, तिने फक्त मान हलवली, एखाद्याने रस्ता विचारावा आणि आपण सांगावा तेव्हा हलवतात तशी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी तिच्याकडून करवून घेतलं होतं.

खाली दाराशी ती पायरीवर बसली. गवताचे बूट पायात घातले, पण नाड्या बांधता येईनात. मी तिच्यापुढे गुडघे टेकले. आमच्या दोन्ही बाजूंनी माणसं रुमाल खांद्यावर टाकून आत चालली होती, कोणाचा पाय लागला की "माफ करा हं" म्हणत होती.  मी नाडी ओढली.

"कात्सु, सैल बांध," ती म्हणाली. "घरी सोडायला कोणी नाही."

"मी येते ना सोडायला. पेज घेऊन येते संध्याकाळी."

"ये," ती म्हणाली आणि उठली. बाहेर बर्फ पडत होता. दाराबाहेरच्या बर्फाच्या दोन भिंतींमधून ती गेली, आणि तिचं डोकं तेवढं थोडा वेळ दिसत राहिलं.

आतून कोणीतरी हाक मारली, "कात्सुए, येतेस की नाही? पाणी काय झालंय आज!"

मी आत गेले. अंग धुतलं आणि उतरले. गळ्यापर्यंत बुडाले. शेजारणीने सरकून मला जागा केली. पाणी त्या दिवशी इतकं छान लागलं होतं की मी सगळ्यांच्या नंतर बाहेर आले. मग पेज खाल्ली आणि सरळ घरी जाऊन झोपले.